दाजी, अजून दुसरीकडे सापडलेलं नाही

दाजी, तुमच्या दहाव्याला माझ्या हातून जे झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. पण गर्दीत तुम्हाला नीट दिसलं नसेल, आणि इतरांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

नीरेच्या काठी पिंड मांडून बराच वेळ झाला होता. पाऊस थांबून थांबून पडत होता. समोरच्या आंब्यावर कावळे होते, पण खाली यायचं नाव घेत नव्हते. तुमच्या संतोषनं हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. तुमच्या भावानं सांगितलं, बांध आहे तिथंच राहील. त्यावर तर एक कावळा चक्क पाठ फिरवून बसला. कोणी शेळ्यांचं सांगितलं, कोणी भावाच्या नातवाच्या शाळेचं. गुरुजींनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या, म्हणजे आता दर्भाचा कावळा करून उरकायचं. ताई पदर तोंडाशी धरून नुसती आंब्याकडे बघत होती. आणि मी, तुमचा शिकलेला मेव्हणा, माणसांच्या मागं सरकलो, मोबाईल काढला आणि त्यात टाकलं, ‘कावळा पिंडाला शिवत नसेल तर काय करावे’.

तुमच्या हिर्डोशीत रेंज कधी असते? एरवी टेकाडावर चढून हात वर करून उभं राहायचं, तेव्हा कुठं एखादी कांडी दिसते. त्या दिवशी मात्र नदीच्या खोलगट काठावर अशी रेंज आली की माझं बोट लागायच्या आत व्हिडिओ सुरू झाला. आवाज पूर्ण. “नमस्कार मंडळी, चॅनेलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करायला विसरू नका.” जमलेली मंडळी वळून बघायला लागली. मला आवाजाची कळ सापडेना. व्हिडिओतल्या बाईंनी घंटीचं बटण दाबायला सांगितलं तोवर आंब्यावरचे झाडून सगळे कावळे पलीकडच्या काठाला गेले होते.

दहाव्याला रागावता येत नाही, हे माझं नशीब. फक्त ताईनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, प्रश्न होता. तुमचं काय राहिलंय ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला, सुनंदाला ठाऊक होतं. शेळ्या नाहीत, बांध नाही. तुमचं मूठभर मीठ वाहायचं राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पावणं, पहिल्यापासनं सांगा. तुम्हाला गोष्ट पहिल्यापासूनच लागायची.

बाजाराच्या दिवशी तुम्ही भोरला यायचात. एसटी स्टँडवरून थेट आमच्या घरी. पिशवीत कधी नाचणी, कधी पावटा, आणि डोक्यात आठवडाभर साठवलेले प्रश्न. तुमचा साधा फोन बोलण्यापुरता. माझ्या मोबाईलला तुम्ही ‘शहाणा’ म्हणायचात आणि मला त्याचा कारभारी समजायचात. चहा बशीत ओतायचा, बशी हातात धरायची आणि सुरू. शेळी रवंथ करताना झोपते का? धरणात गेलेली जुनी पायवाट त्या नकाशात दिसंल का? समुद्राचं पाणी खारट, मग त्यातला मासा आळणी का? त्या माशावर माझी एक अख्खी दुपार गेली होती. शेवटी मी काहीतरी शास्त्रीय सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, “म्हंजी तुमालाबी कळलं न्हाई.” खरं होतं.

मला शोधता येतं अशी माझी समजूत होती. मी त्या मोबाईलमध्ये असं लिहायचो जसं काही मामलेदारांना अर्ज करतोय. ‘कृपया मला माहिती द्या की’ अशी सुरुवात. सुनंदा म्हणायची, खाली ‘आपला विश्वासू’ लिहायचं राहिलं. पण तुम्ही कौतुकानं बघायचात, त्यामुळं मी फुगलो होतो. फुगलेल्या माणसाच्या हाती तुम्ही तुमचा देव दिलात.

संतोषचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. नवरानवरीला कुलदैवताला न्यायचं, आणि तुमच्या घराला कुलदैवत कोणतं हेच कोणाला सांगता येईना. तुमचे आजोबा कोकणातून घाट चढून वर आले, इथं राहिले, आणि त्यांच्यानंतर खाली जाणं सुटलं. देव्हाऱ्यात चांदीचा टाक होता, पण त्यावर देव आहे की देवी, घोड्यावर आहे की वाघावर, काही कळत नव्हतं. तुम्ही तो माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, “आमच्या बायकांनी चिंचंनं घासून घासून देव पार गुळगुळीत केला.” ताई आतून म्हणाली, तुम्ही कधी घासला असता तर जपून घासला असता. एवढं मात्र तुमच्या आईच्या तोंडून तुम्ही लहानपणी ऐकलं होतं: खाली उतरायचं, मूठभर मीठ ठेवायचं, मागं न बघता वर यायचं. देवाचं नाव तिनं कधी घेतलं नाही. घरच्या देवाचं नाव कोण घेतं, म्हणायची.

मी म्हणालो, मीठबीठ राहू द्या, आत्ता सांगतो. तुम्हाला घेऊन टेकाडावर चढलो, तुमचं आडनाव टाकलं, पुढं ‘कुलदैवत’ टाकलं. आडनावांची भलीमोठी यादी निघाली. तुमच्या आडनावापुढं खंडोबा. मी खात्री करून घ्यायची म्हणून पुन्हा विचारलं, ‘यांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आहे का’. उत्तर आलं, होय. मी मोबाईल असा तुमच्यापुढं धरला, जसं काही देव मीच घडवला होता.

टेम्पो करून सगळे गेलो. जेजुरीला जे जे करायचं ते ते केलं. संतोषनं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या म्हणून उचललं आणि दुसऱ्याच पायरीवर खाली ठेवलं, ते तुम्ही मरेपर्यंत सांगत होतात. भंडाऱ्यानं आपण सगळे पिवळे झालो होतो. परत येताना रसाच्या गुऱ्हाळावर थांबलो. तुम्ही ग्लास संपवलात, मिशा पुसल्यात आणि शांतपणे म्हणालात, “पावणं, द्येव लई चांगला हाय. पर ह्यो आपला न्हाई.”

मी विचारलं, कशावरून.

“हितं मीठ कुटं ठेवलं?”

मी तुम्हाला तिथंच भरपूर समजावलं. रूढी बदलतात, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत भेसळ होते, इंटरनेटवर स्वच्छ लिहिलं आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. तुमची ऐकायची पद्धत मला तेव्हा मान्यतेची वाटायची.

पुढच्या बाजाराला तुम्ही आलात, बशी हातात घेतलीत आणि म्हणालात, “शहान्याला इचारा, आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी हाय का.” मी विचारलं. होय. “आता म्हना, जोतिबा हाय का.” होय. उत्तराखाली प्रत्येक वेळी दोन ओळी भक्तिभावानं लिहिलेल्या. तुम्हाला हसू आवरेना, बशीतला चहा धोतरावर सांडला. म्हणालात, ह्यो तर सोयरीक जमवणाऱ्यावानी हाय, ज्याच्या घरी बसंल त्याचं गुण गातो. सुनंदा आतून हसत बाहेर आली. मी मात्र रागावलो होतो, कारण माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी या मोबाईलला प्रश्न विचारतच नव्हतो. मला हवं असलेलं उत्तर त्याच्या तोंडात घालत होतो आणि त्यानं ते परत दिलं की खूश होत होतो.

तिथून आपलं खरं शोधणं सुरू झालं. शोधणं कसलं, भांडणं. तुम्ही म्हणालात, नुसतं मीठ टाका. मी टाकलं. मिठाच्या पिशव्या निघाल्या, आणि त्याच्या खाली रक्तदाब असलेल्यांनी मीठ कमी खावं असा सल्ला. त्या दिवशी तुमच्याबरोबर आलेल्या ताईनं तेवढंच नेमकं मोठ्यांदा वाचायला लावलं. तुमची लोणच्याची फोड त्या दिवसापासून बंद झाली आणि त्याचा दोष तुम्ही मला दिलात. मग मी म्हणालो, देवी टाकू, कोकण टाकू, कुलदैवत टाकू, सगळंच टाकू. त्यानं इतकं निघालं की बघता बघता तुमची परतीची गाडी चुकली.

शब्द कमी झाले की गाव मोठं होतं आणि वाढवले की भलतीच माणसं जमतात, हे कळायला आपल्याला पूर्ण उन्हाळा लागला. आमच्या मुलीनं फोनवरून एक युक्ती सांगितली, शब्द जसेच्या तसे एकत्र हवे असतील तर अवतरणचिन्हात घालायचे. मी तुम्हाला ते दाखवलं. तुम्ही चष्मा लावून ती दोन्ही बाजूंची चिन्हं बघितलीत आणि म्हणालात, “येसण घातली म्हना की.” मी पुढं आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना येसण घालायला शिकवत होतो.

पण गाठ सुटली ती सुनंदामुळं. ती पोळ्या लाटत होती आणि आपण दोघं नेहमीसारखे हमरीतुमरीवर. ती म्हणाली, ते कुलदैवत काढून टाका आधी. मी म्हटलं, शोधतोय तेच काढू? ती म्हणाली, “कुलदैवत तुमच्यासाठी. तिथं राहणाऱ्यांसाठी ती गावदेवी. त्यांनी लिहिलं तर गावदेवीच लिहितील.” लाटणं थांबलं नाही तिचं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि बशीत तोंड घातलंत. तुम्हाला हसू लपवायचं असलं की बशी कामाला यायची.

‘गावदेवी’ टाकलं, ‘घाटाखाली’ टाकलं, आणि ‘मीठ ठेवतात’ याला येसण घातली. एकच पान निघालं. कोण्या शिक्षकांनी मुलांची सहल नेली होती, तिचं साधं वर्णन. घाट उतरून गेलं की एक वाडी, वाडीच्या वर ओढ्याजवळ दगडाची देवी, आणि पूर्वी मिठाचे बैल घेऊन वर जाणारे लोक चढणीच्या आधी तिच्यापुढं मूठभर मीठ ठेवायचे. फोटोही होता. शेंदूर लावलेला दगड आणि पुढं पांढरी रेघ. मीठ की रांगोळी ते कळत नव्हतं. तुम्ही मोबाईल हातात घेतलात. त्यापूर्वी कधी घेतला नव्हतात. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसलात आणि पुन्हा बघितलंत.

मी म्हणालो, चला, रविवारीच जाऊ.

आणि दाजी, तुम्ही नाही म्हणालात.

जेजुरीनंतर मी तुम्हाला भाषणं दिली होती. पहिलं दिसतं ते खरं धरू नये. कोणी लिहिलंय ते बघावं. कधी लिहिलंय ते बघावं. एका ठिकाणी सापडलं म्हणून भागत नाही, दुसऱ्यानं, पहिल्याचं न बघता, तेच सांगितलं पाहिजे. ही माझी अक्कल नव्हती, मीही कुठंतरी वाचूनच बोलत होतो. पण तुम्ही ती गाठीला बांधलीत. म्हणालात, “एकदा पिवळं होऊन आलो. आता दुसरीकडं सापडू द्या.”

मी वाद घातला. म्हटलं, मीठ आहे, घाट आहे, उतरणं आहे, आणखी काय पाहिजे. तुम्ही म्हणालात, घाट काय एकच हाय? मढे घाटाखाली मीठ नसंल? आमच्या आजानं कुठला घाट चढला ते कुणी बघितलंय? मी म्हटलं, जाऊन तर बघू. तुम्ही म्हणालात, चुकीच्या द्येवाम्होरं लेकाला पुन्यांदा उभं करनार न्हाई, सून काय म्हनंल. गंमत बघा, रसाच्या गुऱ्हाळावर मी इंटरनेटच्या बाजूनं होतो आणि तुम्ही आईच्या. आता तुम्ही पुराव्याच्या बाजूला जाऊन बसला होतात आणि मी उतावळ्यासारखा चला चला करत होतो. शिकवलेलं इतकं नीट ऐकणारा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही, आणि मिळाला तो नेमका नको त्या वेळी.

मग दर बाजाराला तुमचा पहिला प्रश्न तोच. दुसरीकडं घावलं का? नाही घावलं. मी शब्द बदलून बघितले. मिठाऐवजी मिठाची मूठ, देवीऐवजी आई, ओढ्याऐवजी पऱ्या. त्या शिक्षकांच्या पानाखाली प्रश्न लिहून ठेवला, त्याला उत्तर आलं नाही. विंझरच्या माझ्या चुलत्यांना विचारलं, ते मढे घाटाकडच्या म्हाताऱ्यांना विचारून आले, तिकडं असं काही नव्हतं. मी आनंदानं तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, तिकडं न्हाई म्हंजी हिकडं हाय, असं व्हत न्हाई. बरोबर होतं तुमचं. त्या दिवशी मी तुम्हाला एसटीत बसवायला आलो नाही. रागानं नाही, गुडघा दुखत होता. पण तुम्हाला राग वाटला असेल तर तेवढं सांगून ठेवतो.

पुढं पाऊस लागला, घाट वाहनांना बंद झाला. तुम्ही म्हणालात, उघडला की बघू, तवर घावंल. लावणी उरकलीत, आणि गेलात.

तर नदीकाठी ताई माझ्याकडे बघत होती. मी मोबाईल खिशात ठेवला आणि पुढं झालो. चप्पल काढताना तोल गेला, संतोषनं धरलं. गुरुजींनी दर्भ खाली ठेवला, पण घड्याळ बघून ठेवला, त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

खरं सांगतो, माझ्या मनात खोटं बोलायचं आलं होतं. दुसरीकडं सापडलं दाजी, एवढं म्हटलं असतं तर सगळे सुटलो असतो. तिथं कोण पडताळून बघणार होतं? पण तुमच्यासमोर ते जमेना. तुम्ही लगेच विचारलं असतंत, कुनी लिवलंय, कधी लिवलंय.

मी मोठ्यानं म्हणालो, “दाजी, अजून दुसरीकडे सापडलेलं नाही. जे तिथं लिहिलेलंच नाही ते त्या मोबाईलमध्ये कितीही शोधलं तरी सापडायचं नाही. घाट उघडला की मी आणि संतोष खाली जातो, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो. आधी मिठाचा विषय काढणार नाही, आधी देवाचं नाव घेणार नाही, ते काय सांगतात ते ऐकणार. जुळलं तर मीठ ठेवून येऊ. नाही जुळलं तर मीठ परत आणू आणि पुन्हा शोधू.”

इथं थांबायला हवं होतं. पण मला थांबता येत असतं तर मी मी कसा. मी पुढं सांगायला लागलो, कोणत्या वाटेनं जाणार, आधी कोणाला फोन करणार, टाक बरोबर नेणार की फोटो काढून नेणार, चिंचेनं घासू नका म्हणून ताईला सांगितलंय की नाही. गुडघ्याचंही सांगितलं. जेजुरीचा विषय पुन्हा काढला. मग एकाएकी सांगायला काही उरलं नाही, आणि मला नुसतं पाण्याचं वाहणं ऐकू यायला लागलं. तुमच्याशी बोलताना असं कधी झालं नव्हतं. माझं संपलं की तुमचं सुरू व्हायचं. मी तसाच उभा राहिलो, सवयीनं, तुमच्या उत्तरासाठी.

पलीकडच्या काठावरून एक कावळा आला. आंब्यावर बसला नाही, थेट खाली उतरला. मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि पिंडाला चोच लावली. ताई खाली बसली आणि मग मोकळी रडली. संतोषनं माझा दंड धरला होता तो सोडला नाही. गुरुजी म्हणाले, झालं, आणि भराभर पुढचं उरकायला लागले.

भोरला परत येताना सुनंदा स्कूटरवर मागं बसली होती. धरणाचा रस्ता, अंगावर भुरभुर पाऊस. मी थोडा फुशारलो होतो, नाही म्हणत नाही. म्हटलं, बघितलंस ना, सगळ्यांचं बोलून झालं, पण आला तो माझ्या शब्दाला.

“तुमच्या शब्दाला नाही आला,” ती म्हणाली. “कधीचा यायचा होता तो, तुमचं बोलून व्हायची वाट बघत होता.” मग बऱ्याच वेळानं माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाली, “दाजी तरी दुसरं काय करायचे. बशीतला चहा गार होऊन जायचा त्यांचा.”